भिंत आणि खिडकी : मराठवाड्यांतील घरांच्या इतिहासाचें एक प्रकरण

(१)

राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास आमच्याकडे पुष्कळ लिहिला गेला. किल्ले, वाडे व देवळें यांचाहि थोडाबहुत लिहिला गेला. परंतु ज्या घरांत सामान्य मनुष्य जन्मला, जेवला, निजला आणि मेला, त्या घराचा इतिहास लिहिण्याचें काम अद्यापि बरेंचसें पडूनच राहिलें आहे. त्यांतहि भिंत, छप्पर व दार यांचा उल्लेख कोठें कोठें सांपडतो. खिडकीची आठवण मात्र क्वचितच कोणास होते. भिंतीस पाडलेलें एक भोंक, याहून तिची योग्यता अधिक ती काय असणार, असें समजून विद्वान् मंडळी पुढें जातात.

आमच्या मतें ही उपेक्षा योग्य नव्हे. घर बांधणारानें खिडकी कोठें, केवढी व कशी ठेवली यावरून त्यास कशाचें भय होतें, कशाची हौस होती आणि कोणत्या गोष्टीचें मोल देणें त्यास परवडत नव्हतें, हें उघड होतें. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांपुरता हा विषय घेतला तर त्यास आणखी एक गंभीर अर्थ आहे. या भागांतील घराचा इतिहास १९९३ सालच्या सप्टेंबरअखेर एका पहाटे दुभंगला. त्या पहाटेपूर्वींचीं घरें आणि तिच्या नंतरचीं घरें यांत जो मोठा भेद दिसतो, तो भिंतींत व खिडकींत आहे. तो भेद नीट समजून घेतला गेला नाहीं, आणि त्याचे परिणाम आजहि प्रत्येक उन्हाळ्यांत भोगावे लागतात; म्हणून हा लेख.

प्रथम नांवांकडे पाहूं. संस्कृतांत खिडकीस वातायन म्हणतात, म्हणजे वाऱ्याची वाट. दुसरा शब्द गवाक्ष. बैलाच्या डोळ्यासारखें जें वाटोळें भोंक तें गवाक्ष. आपला खिडकी हा शब्द प्राकृतांतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ लहान दार असा आहे. इंग्रजींतील विंडो या शब्दाचें मूळ उत्तर युरोपांतील जुन्या नॉर्स भाषेंत असून त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा असा होतो. दोन दूरच्या भाषांनीं एकाच वस्तूला वारा आणि डोळा यांवरून नांव द्यावें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वारा, उजेड आणि वाट हीं खिडकीचीं तीन मूळ कामें. चौथें काम, म्हणजे उजेड येऊं देऊन वारा अडविणें, हें कांचेबरोबर पुष्कळ उशिरां आलें. आणि पांचवें काम, जें नांवांत कोठेंच आलेलें नाहीं परंतु आमच्या प्रदेशांत सर्वांत महत्त्वाचें, तें म्हणजे ऊन बाहेर ठेवणें.

(२)

मराठवाड्यांतील सर्वांत भव्य खिडकी शोधावयाची झाल्यास अजिंठ्यास जावें लागेल. तेथील ९, १०, १९ व २६ या क्रमांकांच्या चैत्यगृहांच्या दर्शनी भागावर घोड्याच्या नालासारखी जी प्रचंड कमान आहे, तीच आंतील उजेडाचा मुख्य मार्ग. तींतून येणारा प्रकाश आंतील स्तूपावर पडतो. बाजूच्या खांबांमागें अंधुकपणा राहतो. भिंत म्हणाल तर सगळा डोंगरच. बाहेर वैशाखवणवा पेटलेला असला तरी आंत शिरतांच अंगास गारवा लागतो, हा अनुभव तेथें जाणाऱ्या प्रत्येकाचा आहे. डोंगर उष्णता अडवितो असें नव्हे; तो ती इतकी सावकाश आंत घेतो कीं, ती खोलवर पोंचण्यापूर्वींच ऋतु पालटतो.

हीच कल्पना बांधीव रूपांत पाहावयाची असेल तर लातूरजवळील तेर गांव पाहावें. तेर म्हणजे प्राचीन तगर. ग्रीक भाषेंतील पेरिप्लस या प्रवासग्रंथांत ज्याचा निर्देश आहे तें व्यापारी नगर. तेथील त्रिविक्रमाचें मंदिर विटांचें असून त्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार, जुन्या चैत्यगृहाच्या घाटाची आहे, आणि दर्शनी भागावर त्याच नालाकृति गवाक्षाचा आकार दिसतो. लेण्यांत जें डोंगरानें केलें तें येथें विटांच्या जाड भिंतीनें केलें. भिंत जाड, छिद्र एक, आणि तें नेमक्या जागीं, ही रीत या भूमींत किती जुनी आहे हें यावरून दिसेल.

(३)

सामान्य गृहस्थाच्या घराचा पुरावा मात्र इतका जुना मिळत नाहीं, कारण मातीचें घर मातींत मिळतें. तरीहि पिढ्यान् पिढ्या जें माळवद येथें बांधलें गेलें त्याची रचना आजहि उभ्या असलेल्या घरांवरून पूर्णपणें कळते. वस्तीच्या जागेस पांढरी व शेताच्या जमिनीस काळी म्हणण्याची आपली जुनी चाल आहे. राख, शेण, चुना व पडक्या भिंतींची माती मिसळून वस्तीच्या जागीं जी पांढरट माती तयार होते, ती पाण्यास सहसा वाट देत नाहीं. देशमुखांच्या व पाटलांच्या गढ्यांचे बुरूज याच मातीचे, आणि गरिबाच्या घराचें छप्परहि याच मातीचें.

दगडाचे किंवा लांकडाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवीं लांकडें, त्यांवर फळ्या अथवा काटक्या, त्यांवर पाला, आणि सर्वांवर मातीचा थर, असें हें छप्पर असे. दोन तुळयांमधील अंतरास खण म्हणत आणि घराचा आकार खणांवर सांगत. भिंती काळ्या दगडाच्या. जाडी दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत, क्वचित् त्याहूनहि अधिक. आंतल्या व बाहेरच्या अंगास मोठे दगड आणि मध्यें लहान दगड व माती भरलेली. त्या जाडींतच देवळ्या व कोनाडे काढलेले आणि धान्याचीं बळदें सामावलेलीं. दारांतून आंत येतांच ढाळज, पुढें चौक, चौकाभोंवतीं ओसरी व खोल्या.

आतां खिडकी कोठें होती तें पाहूं. रस्त्याच्या अंगास बहुधा ती नसेच. असली तर पुरुषभर उंचीच्या वर, हात-दीड हात रुंदीचा झरोका, त्यास लांकडी गज व आंतून झडप. मोठीं उघडीं तोंडें तेवढीं चौकाकडे. स्वयंपाकघरास उजेड मिळे तो छपरांत ठेवलेल्या भोंकांतून. त्यास साणें किंवा सवणें म्हणतात. चुलीचा धूर वर जाण्याची वाटहि तीच, आणि पाऊस आला कीं वर झांकण सरकवावयाचें. उन्हाची जी तिरीप साण्यांतून खालीं पडे तिच्या जागेवरून घरांतील बायका वेळ ओळखीत.

एकंदर व्यवस्था अशी होती. चैत्र-वैशाखांत या भागांत पारा ४० अंशांच्या वर सहज जातो, परंतु रात्रीं हवा पुष्कळ उतरते. जाड भिंत दिवसाचें ऊन पोटांत घेई; तें आंतल्या अंगास पोंचेपर्यंत सूर्य मावळून रात्र चढलेली असे, आणि तोंवर घरचीं माणसें निजण्यास माळवदावर किंवा चौकांत गेलेलीं असत. दुपारीं झडपा लावून घ्यावयाच्या, सायंकाळीं उघडावयाच्या, हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता. पण तो सर्वांस माहीत होता. मोठी खिडकी ठेवली असती तर त्या जाड भिंतीचा उपयोगच उरला नसता, कारण भिंतीनें अडविलेली उष्णता खिडकीनें एका क्षणांत आंत घेतली असती. म्हणजे जाड भिंत व लहान खिडकी या दोन स्वतंत्र गोष्टी नव्हत्या. तो एकाच कराराचा पूर्वार्ध व उत्तरार्ध होता.

करारास दुसरींहि कारणें होतीं. पेंढारी व रोहिले यांच्या धामधुमींत रस्त्यावर उघडणारी खिडकी म्हणजे संकटास आमंत्रणच. चांगलें सागवान किनवट-माहूरकडील रानांतून आणावें लागे, तेव्हां चौकटी जितक्या कमी तितका खर्च कमी. स्त्रियांच्या पडद्याचा विचारहि त्यांत होता.

परंतु जुन्या घराचें कौतुक करतांना त्याची किंमत कोणीं दिली हें विसरतां कामा नये. दुपारचा गारवा ओसरीवर बसणारांनीं भोगला. धूर आणि अंधार चुलीपुढें बसणारणीच्या वांट्यास आला. साण्यांतून सगळा धूर कधींच बाहेर जात नसे. उन्हापासून सुटका आणि उजेडाची भूक या दोहोंत आपल्या पूर्वजांनीं पहिलीची निवड केली. ती निवड शहाणपणाची होती, पण ती फुकट नव्हती.

(४)

भिंत व खिडकी यांचा हा करार केवळ उष्ण देशांतच होतो असें नाहीं. थंड देशांत त्याचें दुसरें टोंक दिसतें, आणि तें पाहिल्याखेरीज आपल्या टोंकाचा अर्थ पुरता कळत नाहीं. लातूर-नांदेडकडील कितीतरी घरांतील मुलें आज शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं जर्मनी-कॅनडांत राहतात. तेथील तीन कांचांच्या खिडक्यांचें वर्णन त्यांच्या घरच्या मंडळीस ऐकून माहीत असेल. त्या खिडकीमागचा इतिहास असा.

उत्तरेकडील देशांत कांच स्वस्त होईपर्यंत खिडकी ही श्रीमंतीची खूण होती. इंग्लंडांत १६९६ सालीं खिडक्यांच्या संख्येवर कर बसविण्यांत आला आणि तो १८५१ पर्यंत चालला. फ्रान्सांत दारें-खिडक्यांवरील कर १७९८ पासून १९२६ पर्यंत होता. कर चुकविण्यासाठीं लोकांनीं खिडक्या विटांनीं बुजविल्या; तशा बुजविलेल्या चौकटी इंग्लंडांतील जुन्या घरांवर आजहि दिसतात. उजेडावरहि सरकारनें पट्टी बसवावी आणि गरिबानें अंधारांत राहावें, अशी ती स्थिति होती.

पुढें कर गेला, कांच आली, आणि थंडीचा प्रश्न उभा राहिला. १९७३ सालीं खनिज तेलाचे भाव एकाएकीं भडकले, तेव्हां घर तापविण्यास किती इंधन लागतें याकडे तिकडील शास्त्रज्ञांचें लक्ष गेलें. कॅनडांत रेजायना शहरीं १९७७ सालीं एक प्रायोगिक घर बांधलें गेलें. त्याच्या भिंती व छप्पर उष्णतारोधक द्रव्यांनीं जाड भरलेलीं होतीं, आणि रात्रीं खिडक्या झांकण्यास उष्णतारोधक झडपा होत्या. जर्मनींत डार्मस्टाट येथें १९९१ सालीं चार जोडघरें पूर्ण झालीं. बो ॲडमसन व वोल्फगांग फाइस्ट या दोघां शास्त्रज्ञांच्या विचारांतून तीं निघालीं. भिंतीवर पाव मीटरहून अधिक जाडीचें रोधक आवरण, आणि खिडक्यांस तीन कांचा, असा त्यांचा थाट होता.

तीन कांचा कां, हें एका लहानशा हिशेबानें कळेल. आंतबाहेर एका अंशाचा फरक असतां साध्या एकेरी कांचेच्या एका चौरस मीटरांतून सुमारें ५.८ वॅट उष्णता बाहेर जाते. दोन कांचांमध्यें हवेचा थर ठेवला तर ती निम्म्यावर येते. तीन कांचा, त्यांवर उष्णता परतविणारा धातूचा अतिसूक्ष्म लेप, मध्यें आर्गॉनसारखा जड वायु आणि चौकटहि रोधक, इतकें केलें म्हणजे ती ०.८ पर्यंत उतरते. अशा घराच्या भिंतीचा आंकडा मात्र ०.१४ च्या आसपास असतो. बाहेर शून्याखालीं २० अंश व आंत २० अंश धरले तर एकेरी कांचेच्या एका चौरस मीटरांतून २३२ वॅट जातील, तीन कांचांच्या खिडकींतून ३२, आणि भिंतींतून साडेपांचच. म्हणजे एकेरी कांचेचा एक चौरस मीटर हा चाळीस चौरस मीटर भिंतीइतकी उष्णता गमावतो. भिंत जितकी चांगली, तितकी वाईट खिडकी अधिक महाग पडते, हें थंड देशाचें सूत्र. म्हणून तेथें भिंत सुधारतांच खिडकीहि सुधारणें भाग पडलें. शिवाय हिंवाळ्यांत तेथील सूर्य दक्षिणेस अगदीं खालून जातो. डार्मस्टाट येथें डिसेंबरच्या मध्यास दुपारींहि तो क्षितिजावर सतरा अंशांहून वर येत नाहीं. तें कोंवळें ऊन घरांत घ्यावयाचें म्हणून मोठी खिडकी दक्षिणेस ठेवावयाची.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. थंड देशाची भिंत उष्णतेस अडविते. आमची जुनी भिंत उष्णतेस सांठवून उशीर लाविते. दोहोंचा गुण वेगळा. परंतु भिंतीचा जो गुण असेल त्यास शोभेल अशीच खिडकी हवी, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी.

(५)

आतां परत मराठवाड्याकडे येऊं. विसाव्या शतकाच्या आरंभीं निजामाच्या राज्यांतून जाणारी हैदराबाद-मनमाड रेल्वे नांदेडवरून धांवूं लागली, आणि १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ लातुरास पोंचला. लातूर बाजारपेठेचें गांव झालें. पन्हाळी पत्रा, लोखंडी गज, कांच व सिमेंट या वस्तु दूरच्या कारखान्यांत होणाऱ्या. त्या गांवांत येण्याची वाट अशा रीतीनें सुलभ झाली. व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडक्या दिसूं लागल्या. तरीहि खेड्यांत माळवदाचें राज्य अबाधित होतें. १९४७-४८ सालीं रझाकारांच्या दहशतींत जाड भिंत व बंद दार यांचाच लोकांस आधार होता; १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत आलें आणि तें भय संपलें. तरी त्यानंतरच्या पिढीनेंहि बापजाद्यांच्या रीतीनेंच घरें बांधलीं.

या अवधींत माळवदाच्या पोटांत एक दोष गुपचूप वाढत होता. दर पावसाळ्यापूर्वीं गळती बंद करण्यासाठीं छपरावर नवी माती पसरावयाची. जुनी मात्र कोणी काढीत नसे. वर्षानुवर्षें थरावर थर चढत गेले, आणि वितीएवढें छप्पर हातभर व त्याहून अधिक जाड झालें. भिंतींचेंहि तसेंच. आंतलें अंग व बाहेरचें अंग यांस एकत्र बांधणारे आरपार दगड घालणें कष्टाचें व खर्चाचें म्हणून गाळलें जाऊं लागलें. पावसाचें पाणी झिरपून मधली माती सुटली. बाहेरून बुरुजासारखी दिसणारी भिंत वस्तुतः एकमेकींस टेंकून उभ्या असलेल्या दोन पातळ भिंती होत्या.

(६)

३० सप्टेंबर १९९३. अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक निजले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूमि हादरली. धक्क्याची तीव्रता ६.२, जगाच्या मानानें हा महाभूकंप नव्हे. परंतु त्याचें केंद्र फार खोल नव्हतें आणि त्यावर माळवदांचीं गांवें होतीं. किल्लारी, सास्तूर आदि गांवें कांहीं क्षणांत ढिगारे झालीं. शासनाच्या गणनेप्रमाणें सुमारें आठ हजार माणसें गेलीं. दगडी भिंती दोन अंगांस फुटल्या, वरची माती खालीं आली, आणि अरुंद बोळ दगडांनीं भरल्यामुळें मदत पोंचविणेंहि दुर्घट झालें.

या घटनेनंतर लोकांच्या मनांत दगडी भिंतीचें भय बसलें तें स्वाभाविक होतें. कित्येक महिने माणसें उघड्यावर व पत्र्याखालीं निजलीं. ज्यानें घरचीं माणसें त्या दगडांखालून काढलीं, त्यास दगडी भिंतीचे गुण सांगण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. परंतु इतिहासलेखकाचें काम दोष कोणाचा हें नेमकें ठरविण्याचें आहे. आणि येथें तें काम नीट झालें नाहीं असें आम्हांस वाटतें.

दोष कशाचा होता? बांध न घातलेल्या दगडांचा, सुटलेल्या मातीचा, आणि छपरावर पिढ्यान् पिढ्या चढविलेल्या भाराचा. जेथें खांब-तुळयांचा सांगाडा चांगला जोडलेला होता तेथें भिंती पडूनहि तो सांगाडा उभा राहिलेला पुष्कळांनीं पाहिला. लहान खिडकीचा तर यांत कांहींच अपराध नव्हता. उलट भूकंपशास्त्र असें सांगतें कीं, भिंतीस जितकीं भोंकें अधिक तितकी ती दुबळी. भारतीय मानक ब्यूरोनें त्याच वर्षीं मातीच्या व दगडी घरांविषयीं जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत दारें-खिडक्या कोपऱ्यापासून दूर ठेवाव्या, त्यांची एकंदर रुंदी मर्यादित असावी, त्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींस वेढणारा अखंड पट्टा घालावा आणि भिंतींत ठराविक अंतरावर आरपार दगड असावे, असें स्पष्ट म्हटलें आहे. म्हणजे जुन्या कराराचा खिडकीविषयींचा अर्धा भाग नव्या शास्त्रालाहि मान्य होता.

(७)

जागतिक बँकेच्या साह्यानें महाराष्ट्र शासनानें जी पुनर्वसन-योजना हातीं घेतली ती आपल्या देशांतील अशा प्रकारच्या सर्वांत मोठ्या योजनांपैकीं एक होती. ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. याखेरीज दीड लाखांहून अधिक घरांच्या दुरुस्तीचें व बळकटीचें काम निघालें. नव्या गांवांत घराचें क्षेत्र जमिनीच्या मालकीवरून ठरलें: भूमिहीन व अल्पभूधारकास २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास ४००, मोठ्यास ७५०. रस्ते रुंद व सरळ, घरें ओळींत, भिंती पातळ, छप्पर काँक्रीटच्या लादीचें. या घरांनीं लोकांस निर्भयपणें निजतां आलें, हें त्यांचें श्रेय मोठें आहे व तें कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं.

परंतु भिंत बदलली म्हणजे खिडकीचा हिशेब नव्यानें मांडावा लागतो, ही गोष्ट राहून गेली. काँक्रीटची चार-पांच इंची लादी उन्हाची उष्णता दोन-तीन तासांत खालीं उतरविते. जुनें घर ज्या वेळीं सर्वांत थंड असे, नेमक्या त्याच वेळीं, म्हणजे तिसऱ्या प्रहरीं, नवें घर सर्वांत तप्त होतें. चौक गेला, ढाळज गेली, शेजारच्या भिंतीची सांवली गेली. शहरी नमुन्याची खिडकी आली; ती कोणत्या दिशेस उघडते याचा विचार ओळींत घरें मांडतांना झाला नाहीं. पुष्कळांनीं घरापुढें पत्र्याची नाहींतर छपराची पडवी उभारली आणि दिवसाचा व्यवहार तिथें नेला. आंतील खोली धान्यासामानास राहिली. कागदावर जें घर होतें तें वस्तुतः कोठार झालें, आणि पडवी घर झाली. लोकांनीं आपल्या हातांनीं ओसरी परत मिळविली, असाच याचा अर्थ.

आणि हें केवळ भूकंपग्रस्त गांवांचेंच नव्हे. लातूर व नांदेड शहरांत भूकंपाच्या भयानें नव्हे तर चालीनें म्हणून तेंच घर उभें राहिलें आहे: पातळ भिंत, उघडी लादी, आणि पश्चिमेस ॲल्युमिनियमची सरकती खिडकी. दोन पाळ्यांची सरकती खिडकी केव्हांहि उघडली तरी अर्धीच उघडते. म्हणजे उन्हास ती पूर्ण खिडकी व वाऱ्यास अर्धी. जुन्या झडपेचें काम याच्या नेमकें उलट होतें.

(८)

मग आज घर बांधणारानें काय करावें? परदेशांतील मुलाचें ऐकून तीन कांचांची खिडकी बसवावी काय? येथें पुन्हा हिशेबच कामास येतो. बाहेर ४२ अंश व आंत ३६ असतील तर एकेरी कांचेच्या एका चौरस मीटरांतून हवेच्या फरकानें आंत येणारी उष्णता सुमारें ३५ वॅट. पण त्याच पश्चिमेच्या कांचेवर तिसऱ्या प्रहरीं ५०० वॅटांचें ऊन पडतें असें धरलें तर त्यांतील सुमारें ४०० वॅट कांचेंतून थेट आंत येतात. थंड देशांत शत्रु आहे हवेंतील फरक. आमच्याकडे शत्रु आहे ऊन. शत्रु वेगळा म्हणून शस्त्रहि वेगळें. पहिल्यास अडविण्यास अनेक कांचा हव्यात. दुसऱ्यास अडविण्यास कांचेच्या बाहेर सांवली हवी. पडदा आंत लावून भागत नाहीं, कारण तोंवर ऊन घरांत आलेलेंच असतें. जेथें यंत्रानें हवा थंड केली जाते तेवढ्या खोलींत दुहेरी कांचेचा उपयोग आहे. इतरत्र तो पैसा छपरावर खर्च करणें बरें.

दिशेचेंहि तसेंच. मेच्या मध्यास दुपारचा सूर्य लातूर-नांदेडच्या माथ्यावर असतो. त्यामुळें दक्षिणेच्या व उत्तरेच्या खिडकीस हातभर छज्जा पुरतो. डिसेंबरांत तो दक्षिणेस कलतो, तेव्हां छज्ज्याखालून ऊन आंत येतें व तें सुखाचें असतें. पश्चिमेचें ऊन मात्र आडवें येतें; छज्जा त्यास अडवूं शकत नाहीं. तेथें खिडकी लहान ठेवावी, किंवा झडप, जाळी, झाड यांपैकीं कांहीं तरी तिच्यापुढें असावें. रात्रीचा गारवा आंत येण्यास खिडकी पुरी उघडणारी असावी, आणि तापलेली हवा बाहेर जाण्यास उंचावर एक झरोका असावा. साण्याचें तत्त्व हेंच होतें. धूर गेला म्हणून तें तत्त्व जुनें झालें नाहीं.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनें २०१८ सालीं निवासी इमारतींसाठीं इको निवास संहिता प्रसिद्ध केली. तींत घराच्या जमिनीच्या क्षेत्राशीं उघडणाऱ्या खिडक्यांचें किमान प्रमाण हवामानाप्रमाणें वेगवेगळें ठरविलें आहे: उष्ण व दमट प्रदेशास सुमारें एक षष्ठांश, उष्ण व कोरड्या प्रदेशास एक दशांश, थंड प्रदेशास एक द्वादशांश. छपरांतून किती उष्णता यावी यासहि मर्यादा घातली आहे. भिंत, छप्पर व खिडकी यांचा हिशेब एकत्र मांडावयाचा, हेंच या संहितेचें सार. आमच्या गवंड्यानें जो करार तोंडी पाळला तो आतां आंकड्यांनीं लिहिला गेला आहे एवढेंच.

१९९३ च्या ढिगाऱ्यांतून आपण दोन गोष्टी वेगळ्या काढावयास हव्या होत्या. बांध नसलेली भिंत व अति जड छप्पर हीं टाकावयाचीं. सांवली, उशीर लावणारी भिंत आणि जागा पाहून ठेवलेली खिडकी हीं ठेवावयाचीं. आपण भयाच्या भरांत दोन्ही टाकलीं, आणि शहरांत तर भयाचें कारण नसतांनाहि टाकलीं. ज्या घरांत माणूस निर्धास्तपणें निजतो पण दुपारीं बसूं शकत नाहीं तें घर अर्धेंच घर होय. जुन्या घराबद्दलहि उलट बाजूनें हेंच म्हणतां येईल. यापुढें जो कोणी या भागांत पायाची रेघ आंखील, त्यानें भिंतीची जाडी ठरवितांनाच खिडकीची दिशा ठरवावी. आणि चुलीच्या खोलीची खिडकी सर्वांत आधीं ठरवावी, कारण मागच्या करारांत तिच्या वांट्यास कांहींच आलें नव्हतें.